नसीमाचा सगळ्यात भारी फोटो

माझ्या विद्यार्थ्यांनी काढलेला सगळ्यात भारी फोटो कुठला विचारताय? नसीमाचा. ऐका.

छोटा फ्लॅश वापरायला मीच तिला शिकवलं. माझा हेका एकच, फ्लॅश नवरीच्या तोंडावर मारायचा नाही, सीलिंगवर मारायचा. उजेड मऊ होऊन खाली येतो.

तिची लग्नाची पहिली ऑर्डर रत्नागिरीजवळच्याच एका गावात होती. ती आत बायकांत, मी बाहेर मांडवात सरबत पीत बसलेलो. तेवढ्यात तिचा फोन आला.

"सर, फोटो काळे येतायत!"

"सीलिंगवर मार की."

"सीलिंग कुठाय? वर काळीकुट्ट कौलं आहेत. उजेड वर जातो तो परत येतच नाही!"

मी सरबताचा पेला खाली ठेवला. नवरीच्या बापाला कतारहून रजा मिळाली नव्हती, तो बिचारा फोटोची वाट बघत होता. आणि आत सगळ्या बायका, मला पुरुषाला जायची सोय नाही.

"थांबा, करते काहीतरी," म्हणाली आणि फोन ठेवला.

अर्ध्या तासाने हसत बाहेर आली.

"जेवायला अंथरतात तो पांढरा दस्तरखान होता. नवरीच्या दोन चाचींना पलंगावर चढवलं, वर ताणून धरायला लावला. झालं सीलिंग!"

मागोमाग पडद्याआडून नवरीची आई म्हणाली, "मास्तर, मोबाइलवर धाडलेला फोटो बघून नवरीचा बाप तिकडे कतारला रडतोय हो. काय पोरगी तयार केलीत!"

मी ऐटीत फोटो बघायला कॅमेऱ्याकडे हात पुढे केला. नसीमाने तो चटकन ओढणीखाली घेतला.

"सर, बायकांकडचे फोटो पुरुषांना दाखवायचे नाहीत. शब्द दिलाय मी."

म्हणून सांगतो, सगळ्यात भारी फोटो तोच. मी अजून बघितलेला नाही.