गिरणीमागचा पालक

परळच्या इस्पितळात भेटायच्या वेळेची रांग लागली होती. माझ्या पुढच्या म्हातारीने शेजारच्या चष्मेवालीचा हात धरला.

"ओळखलंस काय गो? मी राधाबाई. संपानंतर बंद गिरणीच्या मागे पालक लावायची."

"अय्या, मावशी! रंगाचं पाणी सोडायचे तिथे ना? झाडं मातीतून किती धातू ओढतात, ते मोजायला मी तुमची पानं नेली होती."

"आणि परत येऊन म्हणालीस, यात शिसं आहे, पोरांना देऊ नका."

"केवढ्या चिडला होतात!"

"चिडणारच! धनी घरी बसलेले, त्या पालकावर चूल पेटायची. पण नातीला तोच भरवत होते ना. दुसऱ्या दिवशी सगळा उपटून टाकला."

"मग घर कसं चाललं?"

"लोकांच्या पोळ्या लाटल्या. निभावलं."

"मला वाटायचं, अजून शिव्या देत असाल."

"तेव्हा दिल्या की! पण पानं न्यायला आधीही माणसं आली होती गो. काय निघालं ते सांगायला परत आलीस, ती तू एकटी."

"मावशी, आत कोण आहे?"

"तीच नात. काल मुलगी झाली तिला. चल, आधी बाळाला बघ."