बॉनेटवर काथ्या

या मंडळी, पुढे सरका! सतरंजी मागच्यांनाही पुरू द्या. देवाचं नाव झालं, टाळ्या झाल्या, मन जागेवर आलं? मग त्या जागेवर आलेल्या मनाला एक प्रश्न विचारतो.

चूक केली आपण. नाव आलं दुसऱ्याचं. आपण तोंडातून शब्द काढला नाही, नुसते गप्प उभे राहिलो! तर आपण खोटं बोललो का?

हां... पुरुष मंडळी 'नाही' म्हणतायत. बायका नवऱ्यांकडे बघतायत. आणि आमचे पेटीवाले काका? ते सूर धरून बसलेत. गप्प बसायची सोय ज्याच्या धंद्यातच आहे, तो सुखी!

उत्तर मी देत नाही. साताऱ्याची एक सूनबाई देईल. ऐका.

केतकी तिचं नाव. एम.एस्सी. झालेली, हुशार, पण जिवाला घोर फार! मुलगी रेवा, सात वर्षांची. ती शिंकली की केतकी थर्मामीटर काढायची. नाही शिंकली तर — 'आज शिंकली कशी नाही?' म्हणून काढायची! आणि दिवसभर तोंड सुरू. 'रेवा, हात धू. रेवा, वाकून बसू नकोस. रेवा, खरं सांग, खोटं मला चालत नाही!' पोरीवर माया जीवापाड, पण ती माया बाहेर पडायची ती सूचना होऊन. हसू नका माउली, तुमच्याही घरात सूचनाफलक आहे, मला ठाऊक आहे!

सासरे अप्पा. उभा जन्म गाड्यांच्या रंगकामाच्या वर्कशॉपात गेला. दुसऱ्यांच्या गाड्या चकचकीत केल्या आणि निवृत्त झाल्यावर स्वतःची घेतली. रंग कसला, तर पिकल्या जांभळाचा! सकाळी मिशीला कात्री लावायची ती बॉनेटमध्ये बघून. घरात आरसा नाही का? आहे. पण आरशात मिशी दिसते, बॉनेटमध्ये मालक दिसतो!

खंडेनवमी आली. अप्पांनी गाडीची पूजा केली. झेंडूची माळ, नारळ, आणि बॉनेटच्या मधोमध तेलात कालवलेल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक. दसरा झाला नि अप्पा वाईला बहिणीकडे गेले — एस.टी.नं! का? रस्त्यात धूळ फार, गाडी खराब होईल!

इकडे केतकीच्या मनात आलं, अप्पा यायच्या आत गाडी स्वच्छ करावी, त्यांना बरं वाटेल. हेतू बघा, सोन्यासारखा! ओलं फडकं फिरवलं. तेलातलं कुंकू ते, सहज निघतंय होय? लाल ओघळ पसरले. जीव घाबरा झाला. डाग बसला तर? मग बाई गेल्या स्वयंपाकघरात आणि घेऊन आल्या काय? नारळाचा काथ्या! आणि भांड्यांची पावडर! अहो, देवाची समई ज्यानं उजळते, त्यानं गाडी उजळणार नाही?

उजळली! घास-घास-घास! कुंकू गेलं. पार्किंगच्या सावलीत सगळं झकास दिसलं. केतकीनं काथ्या रेवाच्या हातात दिला, म्हणाली, "जा, मोरीत ठेव." आणि तेवढ्यात ऊन गेटातून आत आलं, बॉनेटवर पडलं...

मंडळी, जांभळावर कोळ्यानं जाळं विणावं तसे बारीक बारीक गोल ओरखडे! अख्ख्या बॉनेटभर!

आणि गेटात कोण? हातात पेढ्यांचा पुडा घेतलेले अप्पा!

पुडा तसाच राहिला. अप्पा वाकले, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मग नजर गेली नातीकडे. नातीच्या हातात काथ्या.

"रेवा... हे तू केलंस?"

रेवानं आईकडे बघितलं. आई? आई झेंडूच्या माळेचा दोरा सोडवत होती! गाठ नव्हतीच त्याला, तरी सोडवत होती!

रेवा म्हणाली, "हो आजोबा."

आता सांगा, केतकी काय बोलली? एक अक्षर नाही. मनात म्हणाली, लहान आहे, तिला कोण काय म्हणणार? मी बोलले तर एम.एस्सी.ची अक्कल निघेल. संध्याकाळी सांगू. — ही 'संध्याकाळ' फार मोठी असते बरं का! काहींची तीस वर्षं झाली, अजून आलेली नाही!

अप्पा रागावले? रागावले. कान लाल झाले. पण सात वर्षांच्या पोरीच्या तोंडाकडे बघून आवाज गिळला. म्हणाले, "बस इथं. घासलंस ना हातानं? मग हातानंच काढायचं."

अप्पांनी पॉलिशची बाटली आणली, मऊ फडकी आणली. गाडी धुतली, पुसली, रबराच्या कडांना चिकटपट्टी लावली. "हे बघ. रंगाच्या वर काचेसारखा पातळ थर असतो. ओरखडे त्यात आहेत. पॉलिश तो थर केसभर उतरवतं, मग ओरखडा राहत नाही. हरभऱ्याएवढं घ्यायचं. तळहाताएवढ्या चौकोनात फिरवायचं. हलक्या हातानं!"

"आणि फडकं खाली पडलं तर?"

"मग ते बाद! एक खडा चिकटला तर नवा ओरखडा."

वर जाऊन खिडकीत उभ्या राहिलेल्या केतकीला हा नियम मात्र फार आवडला!

एक चौकोन. पुसायचा. मोबाईलच्या बॅटरीच्या उजेडात बघायचा. दुसरा चौकोन. पोर नाकावर घाम आणून घासतेय. केतकी टोपी घेऊन आली. मग मास्क घेऊन आली. मग लिंबू सरबत. मग दुसरा मास्क! सगळं आणलं बाईनं, एकच गोष्ट आणली नाही. ती ओठांपर्यंत यायची आणि परत जायची.

"आजोबा, असं कितीदाही करता येतं?" रेवानं विचारलं.

"छे! दोन-चारदा. थरच तेवढा. मग खालचा रंग उघडा पडतो, आणि गेलेला थर कुणाच्या बापाला घासून परत आणता येत नाही."

चौथ्या चौकोनाला रेवाचा हात थांबला. मनगट चोळलं, दुसऱ्या हातात फडकं घेतलं, पुन्हा सुरू. रडली नाही, कुरकुरली नाही.

खिडकीतून ते दिसलं आणि केतकी चप्पल न घालता खाली धावली. जी बाई पोरीला उंबऱ्याबाहेर अनवाणी पाऊल टाकू देत नव्हती, ती!

"अप्पा, काथ्या मी घासला. तिनं नाही. मी गप्प बसले."

अप्पा ताठ झाले. "तू? बॉनेटला काथ्या? अगं, समई आहे का ती?" कान पुन्हा लाल! भरपूर बोलले. मिशी थरथरेपर्यंत बोलले. केतकीनं मान खाली घालून ऐकलं. मग अप्पा नातीकडे वळले, "आणि तू गं? का नाही सांगितलंस? खोटं का बोललीस?"

रेवा पुढच्या चौकोनावर फडकं ठेवत, अगदी सहज म्हणाली, "आईला कुणी रागावलं की ती रडते. मला चालतं, आजोबा. मला सवय आहे."

...

काका, पेटी नको. राहू दे थोडा वेळ असंच.

केतकी खरंच रडली. डोळे पुसले आणि फडकं मागितलं. रेवा म्हणते, "थांब, हा माझा चौकोन आहे! तू तिकडचा घे." केतकी बसली आणि जोर लावून, दात आवळून घासायला लागली. अप्पांनी तिचा हात धरला.

"हळू, पोरी. रंग आहे तो, पाप नाही."

केतकीचा हात हलका झाला. तशात रेवाचं फडकं खाली पडलं. पोर दचकली, आईकडे बघितलं — आता येणार! केतकीनं तोंड उघडलं... मिटलं... आणि आपल्याकडचं दुसरं फडकं पुढे केलं. बस. एवढंच.

दुपार कलली तेव्हा बॉनेट पुन्हा जांभळासारखं झालं. अप्पांनी खिशातनं कंगवा काढला, वाकून मिशी विंचरली. म्हणजे माफी झाली!

तर मंडळी, मिळालं उत्तर? जीभ हलली नाही म्हणून खोटं टळलं नाही. ते दुसऱ्याच्या तोंडून बाहेर पडलं, आणि मनगट त्याचं दुखलं. तुम्ही म्हणाल, महाराज, आमच्याकडे गाडी नाही, ओरखड्यांची काय चिंता! अहो, घरात माणसं आहेत ना? मग आज घरी गेल्यावर जेवायच्या आधी एकच काम करा. एकेकाच्या तोंडाकडे नीट बघा. न केलेल्याचं ऐकून घ्यायची सवय कुणाला झालीय, ते शोधा. धाकट्या सुनेला? म्हाताऱ्या वडिलांना? कामाच्या मावशींना? सापडलं ते माणूस, की त्याच्याजवळ बसा, आणि म्हणा, 'ते तू केलं नव्हतंस. मी केलं होतं.'

म्हणाल? मान डोलवू नका, आवाज येऊ द्या! आला! आता त्याच आवाजात देवाचं नाव घ्या, म्हणजे ते त्याच्यापर्यंत पोचेल!