गुढीवरचा कप

नाव: मंजूषा हेमचंद्र साठे. वय: ५१. व्यवसाय: नोकरी, सॉफ्टवेअर टेस्टिंग. राहणार: हार्लेम. दुभाषी: अस्मिताताई, अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टहून फोनवर. मला इंग्रजी येतं, पण मुलीबद्दल बोलायचं आहे म्हणून मराठीत बोलते.

पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की, माझी मुलगी सलोनी एनस्खेडेला इंजिनिअरिंग शिकते आणि विद्यापीठाच्या मुलींच्या आइस हॉकी संघाची गोलकीपर आहे. संघाने जिंकलेला कप आपण नेला, असं तिने काल क्लबला सांगितलं. ते खोटं आहे. कप मी नेला. तिला माहीत नव्हतं.

हंगाम ऑक्टोबरात सुरू झाला. गोलमध्ये उभं राहायला कुणी तयार नव्हतं म्हणून ही उभी राहिली. पहिल्याच सामन्यात अकरा गोल खाल्ले. मी म्हटलं, "बाई गं, बर्फ सरबतात घालतात, त्यावर पडत नाहीत." ती म्हणाली, "आई, नेक्स्ट वीक ये. यू विल सी." पुढच्या वेळी सहा खाल्ले. मुली चीज-ब्रेड खाऊन बर्फावर उतरायच्या, ते मला बघवेना. मी थालीपिठं न्यायला लागले. जानेवारीपासून त्या जिंकायला लागल्या. थालीपिठांमुळे, असं त्यांची कॅप्टन फेम्के म्हणते, मी नाही. अधिकारीबाईंनी मुद्द्यावर यायला सांगितलं. माझ्या मते हाच मुद्दा आहे.

अंतिम सामना गेल्या शनिवारी एनस्खेडेला झाला. अगदी शेवटी समोरची एक मुलगी ती रबरी चकती घेऊन एकटीच सलोनीवर चालून आली. सलोनीने चकती छातीवर घेतली. संघ जिंकला. मला इतका अभिमान वाटला की मी शेजारच्या अनोळखी डच गृहस्थांना मिठी मारली.

त्यानंतर सलोनीचे कपडे धुवायला घरी न्यायचे म्हणून मी मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीत गेले. मुली बाहेर नाचत होत्या. कप बाकाखाली पडला होता. आत बिअर, वर कुणाचा तरी ओला मोजा. जिंकलेल्या वस्तूची ही दशा मला पाहवली नाही. मी कप सलोनीच्या बॅगेत घातला. घासूनपुसून पाडव्याला गुढीवर लावायचा आणि मग परत द्यायचा, असं ठरवलं. आपल्याच मुलींचा कप, त्यात विचारायचं काय, असं वाटलं.

काल पाडवा होता. सलोनीच्या जुन्या हॉकी स्टिकला माझी पैठणी आणि साखरेची गाठी बांधली, वर तांब्याऐवजी कप उपडा घातला. गुढी रस्त्याकडच्या बाल्कनीत उभारली आणि फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. चोरीचा माल कुणी असा मिरवत नाही, याची नोंद घ्यावी.

आज सकाळी फेम्केचा फोन आला. क्लबने सोमवारीच तक्रार दिली होती, हे तेव्हा कळलं. खोलीबाहेरच्या कॅमेऱ्यात सलोनीची बॅग दिसते, नेणारी बाई पाठमोरी आहे. सलोनी तेव्हापासून "मी घेतला नाही" असंच सांगत होती. काल माझा फोटो पाहिला आणि लगेच "मीच घेतला" म्हणाली. आता तिला संघातून काढणार आहेत.

मी तिला फोन केला. म्हटलं, "कशाला गं हा शहाणपणा?"

"इट्स ओके, आई. तुझा डच पासपोर्टचा अर्ज चाललाय ना. त्यात पोलीस केस नको."

मागे काही असलं की समोरून येईल ते अंगावर घ्यायचं, ही तिला या वर्षी सवयच लागली आहे. पण मी गोल नाही, तिची आई आहे. माझा अर्ज राहिला तर राहिला. तिला संघात ठेवावं.

कप इथे तुमच्या टेबलावर ठेवला आहे. चिंच लावून घासला आहे. मुलींना त्यात परत बिअर ओतायची असेल तर ओतू देत. त्यांनी जिंकलाय.

अस्मिताताईंनी वरचा मजकूर मला मराठीत वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे. अभिमान वाटल्याचं वाक्य तपासाच्या कामाचं नाही, काढू का, असं अधिकारीबाईंनी विचारलं. ते राहू द्या म्हटलं, आणि मग सही केली.