कार्ड लहान पडतंय

शिवलीला : निघत नाही काका. कितीही जोर लावला तरी निघणार नाही.

बलभीम : तू पेचकस तर लाव. एकतीस वर्सं एसटी चालवली म्या. न्हाय निघत म्हणणारा मेकॅनिक मला डेपोत रोज भेटायचा.

शिवलीला : लावलाय की. मागचं झाकण काढून तुमच्या पुढ्यातच ठेवलंय. हे बघा, हा पंखा, ही बॅटरी, ही रॅम. हे सगळं निघतं. आणि ही काळी चौकोनी चिप आहे ना, तेच तुमचं ग्राफिक्स कार्ड. ती खालच्या बोर्डालाच झाळलेली आहे.

बलभीम : म्हंजे इंजिन चासीलाच वेल्डिंग मारून टाकलंय.

शिवलीला : बरोबर बोललात.

बलभीम : कुणी केलं असलं काम?

शिवलीला : कंपनीनंच. लॅपटॉप पातळ पाहिजे म्हणून. भूमला काय नि पुण्याला काय, तुम्ही हा कुठंही न्या, कार्ड बदलून देतो म्हणणारा माणूस खोटं बोलतोय म्हणून समजा.

बलभीम : मग मोबाईलवर एक गडी धा मिन्टात बदलून दावतो, ते काय?

शिवलीला : तो टेबलावरचा मोठा कॉम्प्युटर. त्यात कार्ड खाचेत बसतं. जुनं उपसायचं, नवं दाबायचं. लॅपटॉपला बाहेरून जोडायचे डबे येतात काही, पण ती वायर खुपसायला तुमच्या लॅपटॉपला जागाच नाही.

बलभीम : आमच्या पोरानं, रणधीरनं तर सांगितलंय, गेमिंग लॅपटॉप हाय अण्णा, वाघ हाय वाघ. हैदराबादला नोकरीला गेला, कंपनीनं तिथं दुसरा दिला, तवा ह्यो माझ्या हवाली केला.

शिवलीला : वाघच आहे. तीन वर्षांचा झालाय, पण दात शाबूत आहेत. तुम्ही खेळता काय त्याच्यावर?

बलभीम : खेळत न्हाय. बस चालवतो.

शिवलीला : गेममधे.

बलभीम : आता रिटायर माणसानं कुठं चालवावी? स्टेरिंग बी धाडलंय त्यानं, टेबलाला कसायचं. डोंगरातला रस्ता हाय, लई गोड वळणं हायत. सकाळी अण्णारावाची क्रूझर जीप चालवतोच म्हणा, ईट गावाहून पोरं घेऊन हितं शाळेत सोडतो. पण क्रूझर ती क्रूझर. पाठीमागं पन्नास माणूस बसल्याबिगर गाडी चालवल्यावानी वाटत न्हाय.

शिवलीला : मग त्रास काय होतोय, ते नीट सांगा. गेम अडकतो का?

बलभीम : अडकत न्हाय. समोरून गाडी आली की तिचा दिवा फुटतो.

शिवलीला : फुटतो म्हणजे?

बलभीम : चांदणी व्हती त्याची. हितनं तितनं फाकते. आन् सगळ्या रस्त्यावर धुरळा बसल्यावानी दिसतं, काच पुसाय पायजे असं. रणधीरला फोनवर सांगितलं तर म्हणला, कार्ड लहान पडत असंल अण्णा, दुकानात दावा.

शिवलीला : थांबा, झाकण लावून चालू करते. हां. चालवा तुम्ही. आता वर उजव्या कोपऱ्यात आकडा दिसतोय ना, हिरवा?

बलभीम : असंल.

शिवलीला : साठ आहे. सेकंदाला साठ चित्रं काढतंय ते. कार्ड दमलं असतं तर हा आकडा धपकन खाली आला असता. तो हलेना सुद्धा.

बलभीम : बघ बघ, ट्रक आला. फुटला का दिवा?

शिवलीला : नाही काका.

बलभीम : आता गं आता. पिवळा.

शिवलीला : मला दोन दिवे दिसतात. गोल, सरळ.

बलभीम : तुझी दुकानदारी हाय, तू हाय त्यालाच बरं म्हणणार.

शिवलीला : दुकानदारीच करायची असती तर नवा लॅपटॉप गळ्यात मारला असता तुमच्या. असं करू. तो मोठा कॉम्प्युटर बघा, परंड्याच्या व्हिडिओ शूटिंगवाल्यानं बनवून घेतलाय. त्यात जे कार्ड आहे ना, ते ह्या तालुक्यात दुसऱ्या कुणाकडं असेल असं मला वाटत नाही. तुमचा गेम त्यात टाकते. त्यावर चित्र साफ दिसलं तर मी कबूल करीन, कार्ड लहान आहे. मग रणधीरदादांना सांगू, कुठला नवा घ्यायचा ते.

बलभीम : आता कशी बोललीस. टाक.

शिवलीला : चहा सांगू तवर?

बलभीम : सांग. आमची मंडळी बाजार करून येईल, तिचा बी सांग. गजराबाई नाव, पर चहा म्हणलं तरी ओ देती.

शिवलीला : झालं. या, ह्या खुर्चीवर बसा. स्क्रीन बघा किती मोठा आहे. आता घ्या गाडी.

बलभीम : वा. मोठं दिसतंय.

शिवलीला : आणि साफ?

बलभीम : हां, तसं…

शिवलीला : ट्रक येतोय बघा समोरून.

बलभीम : व्हय.

शिवलीला : काका?

बलभीम : ह्याचं बी कार्ड लहानच दिसतंय की.

शिवलीला : फुटला दिवा?

बलभीम : तसाच फुटला.

शिवलीला : बरं. जरा दाराकडं तोंड करा. समोर एसटी स्टँड आहे. वर पाटीवर काय लिहिलंय?

बलभीम : भूम बस स्थानक. खाली, आपले सहर्ष स्वागत. त्यातला स्वा मोडलाय.

शिवलीला : तो स्वा गेल्या दिवाळीत दुरुस्त केला. पाटी वाचली नाहीत काका, पाठ म्हणून दाखवलीत. आता फाटकात जी बस उभी आहे तिचा नंबर वाचा.

बलभीम : ऊन डोळ्यावर येतंय.

शिवलीला : ऊन मागच्या बाजूला आहे.

बलभीम : चहाला येळ लागला का गं?

शिवलीला : माझ्या वडलांना असंच झालं होतं. दिव्याला फाटे फुटतात म्हणायचे. मोतीबिंदू निघाला.

बलभीम : साठी झाली की डोळं थोडं इकडंतिकडं व्हतंच. नजर तशी चांगली हाय माझी. सकाळच्याला समोरून गाड्या येतात, त्या दिव्याचाच तेवढा तरास. उजाडलं की काय न्हाय.

शिवलीला : तुमची पोरांची फेरी किती वाजता असते?

बलभीम : सहाला निघतो.

शिवलीला : म्हणजे अंधारच असतो. पोरं किती?

बलभीम : अकरा.

शिवलीला : काका, डोळ्यांचं तुमच्या मनात आलंच असेल ना कधीतरी?

बलभीम : … मंगळवारी ऊसाची ट्रॉली उभी व्हती रस्त्याच्या कडंला. ना लाल दिवा, ना काय. दिसली तवा दोन हातावर आली व्हती. चुकवली म्या. हात शाबूत हायत माझे. पोरांना कळलं बी न्हाय, ती गाणी म्हणत व्हती. म्या शाळेपाशी गाडी लावली आन् उतरताना एकेक पोर मोजून घेतलं. त्याच रातीला रणधीरला फोन केला, की लॅपटॉपचं चित्र खराब दिसतंय.

शिवलीला : लॅपटॉपचं.

बलभीम : कार्ड बदललं आन् चित्र साफ झालं असतं, तर म्हणलो असतो, आपले डोळे बरे हायत, तो मंगळवार ट्रॉलीवाल्याच्या चुकीचा. हे बघ, एकतीस वर्सात एका गाडीला ओरखडा न्हाय माझ्या. डेपोत साहेबानं बिल्ला दिलाय. आन् आता अण्णारावाला काय सांगू, आंधळा झालो?

शिवलीला : आंधळं कुठं. वीस मिनिटांचं ऑपरेशन असतं.

बलभीम : ही येतीया बघ. हिला सांगू नको. मी सांगतो सवडीनं.

गजराबाई : सांगायचं काय? बसलं का कार्ड? ईटची गाडी लागंल आता.

बलभीम : कार्ड बदलता येत न्हाय म्हणती ही. पक्कं झाळलंय.

गजराबाई : मग ह्यो एवढा मोठा टीव्ही कशाला लावून बसलाय? तोंड का उतरलं तुमचं? पोरी, तू तरी बोल.

शिवलीला : काकाच सांगतील.

बलभीम : गजरा, मोतीबिंदू वाटतोय.

गजराबाई : कुणाला?

बलभीम : मलाच. ह्या पोरीनं काढला हुडकून.

गजराबाई : तरी म्या म्हणलं, हल्ली माणूस मला लई देखणी म्हणाय लागलंय. चाळीस वर्सांत कधी न्हाय, ते गेल्या सा म्हयन्यात दोनदा.

शिवलीला : बसा काकू. चहा आलाय.

गजराबाई : हसू नको पोरी. अवो, पोरं असतात तुमच्या गाडीत.

बलभीम : मोजून अकरा. ठावं हाय मला.

गजराबाई : मग?

बलभीम : मग काय. फोन दे तुझा, माझ्यात बॅलन्स न्हाय. … हॅलो, अण्णाराव? बलभीम बोलतोय. व्हय, हिच्या फोनवरनं. उद्यापास्नं दुसरा डायव्हर बघा. … न्हाय, पगाराचं न्हाय. कुणी काय बोललं बी न्हाय. डोळ्याला दिसंना झालंय, अण्णाराव. … हां. … तुमच्या धाकट्याला बसवा चार दिवस, पर त्याला सांगा, वस्तीवरल्या पोरीला दाराशेजारी बसवायचं, तिला गाडी लागती. आन् पाटलाच्या जुळ्यांना शेजारी शेजारी बसवायचं न्हाय. … व्हय. ठेवतो.

गजराबाई : काय म्हणले?

बलभीम : म्हणले, बरं झालं सांगितलंत. एवढंच.

शिवलीला : चहा घ्या काका. गार होतोय.

बलभीम : लॅपटॉप ठिवून जातो तुझ्याकडं. पंख्यातली घाण तेवढी काढ. आन् रणधीरला माझ्याआधी काय कळवू नको.

(वीस दिवसांनंतर. तेच दुकान.)

गजराबाई : बार्शीला केलं गं. सकाळी न्हेलं आन् दुपारी घरी. हेच उगंच आदल्या दिवशी समद्या भावकीला फोन करून बसले, जसं काय काशीलाच निघालेत.

बलभीम : डाक्टर म्हणला, डोळ्यातलं भिंग बदललं. म्या म्हणलं, साहेब, तुमचं बरं हाय, तुमचं निघतं तरी.

शिवलीला : उजवा झाला ना? आणि डावा?

बलभीम : डावा पुढल्या म्हयन्यात. मग म्हणला, तपासतो, आन् बरं वाटलं तर गाडीला हात लावायची परवानगी देतो. तवर ह्यो. झाला का साफ?

शिवलीला : पंख्यातून मूठभर धूळ निघाली. आतली पेस्ट बदलली, रॅम एक वाढवलीय. कार्ड तेच आहे, आधीच सांगते. घ्या, चालू केलाय.

बलभीम : हे काय गं?

शिवलीला : काय झालं?

बलभीम : ही झाडं… ही झाडं पुठ्ठ्याची कापून लावल्यावानी दिसत्यात. आन् डोंगराला शिवण हाय का मधनं? ढगाला तर कोपरे हायत.

शिवलीला : ते पहिल्यापासून असंच आहे काका.

बलभीम : मला वाटायचं धुक्याचा घाट हाय. लई झ्याक वाटायचं. हे तर समदं खोटं हाय.

गजराबाई : बघा. आता मला काय काय ऐकाय लागतंय की.

शिवलीला : खरं सांगू? आता मात्र कार्ड लहान पडतंय.

बलभीम : आन् आता तू म्हणणार, बदलता येत न्हाय.

शिवलीला : नाहीच येत.

बलभीम : ऱ्हाऊ दे. रस्ता तर खरा हाय का न्हाय? वळणं तीच हायत. बस गजरा, पलीकडं सरक जरा. हे बघ, हितनं चढ लागतो. तिसरा गिअर. हां. हितं एक डावं वळण… थांब. ही कोण उभी हाय?

शिवलीला : कुठं?

बलभीम : झाडाबुडी. बाई हाय, हातात पिशवी हाय. हात करतीया.

शिवलीला : तो थांबा आहे काका. प्रत्येक थांब्यावर कुणीतरी उभं असतं.

बलभीम : ह्या वळणावरनं म्या शंभर डाव गेलो असंल.

गजराबाई : आन् थांबला न्हाय?

बलभीम : दिसलीच न्हाय गं.

शिवलीला : काका, ती खरी नाही.

बलभीम : नसू दे. दार कुठल्या बटणानं उघडतं, तेवढं सांग.