उपसरपंचाच्या खुर्चीत जिम्री

नूरमहंमद: तुझ्या भुवया तेवढ्या राहिल्यात, हौशीराम. एक तासभर बाहेर ये. टेंपो मागच्या दाराला अगदी चिकटवून लावलाय, कुणाला दिसायचा नाही.

हौशीराम: भुवया खिडकीतनं बघ आन कर. मी ग्रामपंचायतीचं दार उगडणार न्हाई. आज सातवा दिस हाय माजा.

नूरमहंमद: खिडकीला जाळी आहे. जाळीतून तू पीठ चाळल्यासारखा दिसतोस. आणि फादर चार वाजता लोणावळ्याला येणार आहेत, आमच्या संग्रहालयात. बायबलातले इस्राएलचे एकोणीस राजे मागवलेत त्यांनी, मेणाचे. अठरा तयार उभे आहेत. राहिलास तू.

हौशीराम: मी न्हाई. जिम्री.

नूरमहंमद: जिम्रीच. पण तोंड तुझं आहे ना.

हौशीराम: मग त्या जिम्रीचं म्होरं काय झालं ते सांग आदी.

नूरमहंमद: म्होरं म्हणजे?

हौशीराम: म्हैन्यापूर्वी तू मला फळीवर उताणा घातला, तोंडावर प्लास्टर थापलं, नाकात दोन नळ्या घातल्या आन म्हणलास, हलू नको, तवर ह्या राजाची गोष्ट सांगतो. म्हणलास, एला नावाचा राजा कारभाऱ्याच्या घरी पिऊन पडलावता. जिम्री त्येच्या रथांचा सरदार. त्यो तितं गेला, राजाला उडवला आन सोता राजा झाला. हितवर आलास आन प्लास्टर सुकलं. गोष्ट तितंच ऱ्हायली.

नूरमहंमद: वेळेवर काढलं नसतं तर भुवया प्लास्टरबरोबर आल्या असत्या.

हौशीराम: पर मी तेवड्यावर कामाला लागलो की.

नूरमहंमद: कसल्या कामाला?

हौशीराम: आपला बजरंग, उपसरपंच. त्यो त्या धरणाकडच्या फार्महाऊसवर गेलावता, रखवालदाराकडं मटण खायाला. मी बी गेलो तितं.

नूरमहंमद: हौशीराम, तू बजरंगला काय केलंस?

हौशीराम: उडवला न्हाई रं. राजीनाम्यावर सही घेतली. चौथ्या गिलासानंतर. पेन बी त्येचंच व्हतं.

नूरमहंमद: माझी अर्धी गोष्ट ऐकून?

हौशीराम: गोष्टीनं वाट दावली. राग जुना हाय. निवडून आलो तवा नऊ मेंबर मारुतीच्या देवळात बसलो. उपसरपंचकी वाटून घ्यायची ठरली, जसं समदीकडं घेत्यात. चिठ्ठ्या टाकायच्या, ज्येची निघंल त्यानं बसायचं आन मुदत संपली की गप राजीनामा द्यायचा. तवा मला म्हणले, हौशीराम, तुला जनावराची पारख हाय, तू बोकड बघून ये. मी बोकड घिऊन आलो तर आठ चिठ्ठ्या वाटून मोकळे. नववी लिवलीच न्हवती. बोकड मातुर नऊ जणांनी खाल्ला.

नूरमहंमद: तू पण खाल्लास?

हौशीराम: माजीच पारख व्हती. चांगला निघाला.

नूरमहंमद: आणि हे सात दिवस कुणी ठरवले?

हौशीराम: सरपंच राजेश्वरीबाईंनी. बजरंगचा राजीनामा घेतला आन म्हणल्या, निवडीची सभा सात दिसांनी ठेवते, तवर हौशीराम बघंल. न्हाई तरी त्यांना भाचीच्या लग्नाला जायाचं व्हतं. मेंबर तवा उरसातली क्रिकेटची मॅच बघत व्हते. बजरंग शुद्धीवर आला, बोंबलत तितं गेला. तितंच, मैदानावरच, समद्यांनी अतुल मेंबरला खांद्यावर घेतला आन म्हणले, आपला उपसरपंच ह्योच.

नूरमहंमद: मैदानावरच?

हौशीराम: का? तोंड का उतरलं तुजं?

नूरमहंमद: काही नाही. गोष्टीत पण तसंच आहे. फौज छावणीत होती. तिथंच तिनं अम्री नावाच्या सेनापतीला राजा करून टाकलं.

हौशीराम: मंग? त्यो अम्री आला व्हय जिम्रीवर चालून?

नूरमहंमद: मग भुवया. उजवी जरा जाड आहे ना तुझी?

हौशीराम: नूरभाऊ, तुला गोष्ट अर्ध्यात सोडायची लय वाईट खोड हाय.

नूरमहंमद: तुझं म्हणणं तरी काय आहे? पुढं पिंपळाखाली आठ मेंबर बसलेत. अतुलनं लाइटचा फ्यूज काढून नेलाय. सभेची वेळ टळून गेली. खुर्ची धरून किती दिवस बसशील?

हौशीराम: मला खुर्ची नको. ह्यो बोर्ड दिसतोय का भितीवरचा? उपसरपंचांची नावं. तुज्या वडलांनी आखल्याला, वीस वळींचा. पह्यलं नाव त्यांच्या हातचं, बाकीची तुज्या. एकोणीस भरल्या. एकच वळ उरली.

नूरमहंमद: बरं मग?

हौशीराम: अतुल म्हणतो, सात दिसांचं कुणी बोर्डावर लिवत न्हाई. वळ त्येला पायजे. आन नवा बोर्ड कदी व्हायचा? ह्यो व्हायाला तीस वर्सं लागली.

नूरमहंमद: ह्या एका ओळीसाठी तू कालपासून आत कोंडून घेतलंयस?

हौशीराम: सात दिसांत मी बोअरची जळाल्याली मोटार भरून आणली. मसणवाटीत दिवा लावला. येसूबाईच्या दारातला वाकल्याला खांब हलवला, तिनं चार वर्सं अर्ज केलेवते. बजरंगनं काय केलं? मटण खाल्लं. त्येचं नाव हाय वर, पिवळ्या रंगात.

सविता: नूरभाऊ, जरा सरका. ह्यांना डबा दिसू द्या.

हौशीराम: सविता, तू कशाला आलीस हितं?

सविता: बायकूय तुमची. काल सांजपासनं पोटात काय न्हाई. बाजरीची भाकर हाय, सुकट हाय, खर्डा हाय. वास आला का?

हौशीराम: आला.

सविता: मंग या भाईर. जाळीतनं भाकर जात न्हाई.

हौशीराम: मागलं दार उगडतो जरासं, तेवड्यातनं दे.

सविता: देणार न्हाई. म्होरं बसून ताटात जेवायचं. मी मेंबराची बायकू हाय, पिंजऱ्यातल्या पोपटाची न्हाई.

हौशीराम: अगं, मी हितनं उठलो की म्होरल्या खिडकीतनं त्यांना मोकळी खुर्ची दिसणार. दार तोडून आत येतील आन अतुलचं नाव लिवून टाकतील. दर घटकंला येक जण डोकावून जातोय.

सविता: नूरभाऊ, टेंपोत चादरीखाली कोण झोपलंय?

नूरमहंमद: तो राजा आहे, वहिनी. जिम्री.

सविता: अगं बया. ह्ये तर आमचंच ध्यान. डोळे बी तसेच, मटणाकडं बघितल्यासारखे.

नूरमहंमद: हात नका लावू. चेहऱ्याचा थर कच्चा आहे. कडक थर भुवया झाल्यावर द्यायचा असतो. याला गार जागेत ठेवावं लागतं, म्हणून तर घाई करतोय.

सविता: बसतो का ह्यो?

नूरमहंमद: बसतो. फादरना सिंहासनावर बसलेलाच पाहिजे होता. का?

सविता: अवो, तुमचं जाकीट आन टोपी काडा.

नूरमहंमद: नाही. वहिनी, अजिबात नाही. वर पत्रा आहे, लाइट नाही, मे महिना आहे.

सविता: दोन भाकरी खायाला किती येळ लागतो? तुमाला भुवया बघायच्यात, मला ह्यांना जेवू घालायचंय. दोगांचं काम हुईल.

हौशीराम: दार उगडतो. पर राजा आत आल्याबगर मी भाईर येणार न्हाई.

(राजा आत गेला, उपसरपंच बाहेर आला, आणि मागचं दार पुन्हा लागलं. इस्राएलच्या राजाला जाकीट जरा सैल झालं. टोपी मात्र अशी बसली की नूरमहंमदला स्वतःच्या हाताचं कौतुक वाटलं आणि लगेच त्याची नजर पत्र्याकडंही गेली. महिनाभर रात्रंदिवस राबून केलेला पुतळा तापल्या पत्र्याखाली ठेवून आपण सुकटीच्या वासात बसलोय, हे त्याला सकाळी कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. टेंपोच्या फाळक्यावर तिघं बसले. सविता मधूनमधून उठून पुढं डोकावून येत होती.)

नूरमहंमद: इकडं बघ. चावताना भुवई हलते तुझी. जरा थांब.

हौशीराम: भाकर थांबत न्हाई. तू गोष्ट सांग. अम्री आला. मंग?

नूरमहंमद: जेवण झाल्यावर सांगतो.

सविता: सांगून टाका, नूरभाऊ. न्हाई तर उरल्याली गोष्ट बी ह्ये करूनच बघतील.

नूरमहंमद: अम्रीनं शहराला वेढा घातला. शहर पडलं. जिम्री राजवाड्यात शिरला आणि त्यानं स्वतः आत असताना राजवाड्याला आग लावली. त्यातच गेला. सात दिवस राज्य केलं त्यानं.

हौशीराम: सातच?

नूरमहंमद: सातच.

सविता: आन ह्ये तुमी आमच्या माणसाला प्लास्टरखाली सांगत बसला?

नूरमहंमद: मला काय माहीत हा तिकडून उठून बजरंगला गाठेल? मघाशी कळलं, तेव्हापासून नुसती धास्ती आहे मला. हौशीराम, खरं सांग, आत रॉकेल, काडीपेटी असलं काही नाही ना?

हौशीराम: काडीपेटी हाय. अगरबत्तीची.

नूरमहंमद: तुझ्या मनात तसलं काही...

हौशीराम: येडा का काय? आत समद्या गावाच्या जल्माच्या नोंदी हायेत. माज्या आईच्या मरणाची बी हाय. कालच काडून बघितली, करमत न्हवतं म्हणून. त्या जिम्रीचं काय, सात दिसांचा राजवाडा. दुसऱ्याच्या घराला काडी लावायला काय लागतं?

सविता: अजून येक भाकर घ्या.

हौशीराम: नूरभाऊ, मला येक सांग. सात दिसांचा राजा. त्यो बी दगाबाज. चांगलं असं कायबी केलं न्हाई. मंग फादरला त्येचा पुतळा कशाला पायजे?

नूरमहंमद: मीही विचारलं होतं. म्हटलं, फादर, अठरा करू, याला गाळू, तेवढंच मेण वाचेल. तर म्हणाले, तो यादीत आहे. एकाला गाळलं की सगळी यादीच खोटी पडते.

हौशीराम: किती वर्सं झाली म्हणायची?

नूरमहंमद: तीन हजाराला थोडी कमी.

हौशीराम: आन कुणी खोडला न्हाई.

नूरमहंमद: नाही.

हौशीराम: फादरला आमच्या पंचायतीत उभा करायला पायजे.

सविता: मी म्होरं बघून येते. लय शांत वाटतंय.

नूरमहंमद: वहिनी, राजाच्या नाकाकडं पण बघा. चकाकत असेल तर धावत या.

हौशीराम: माजी उजवी भुवई खरंच जाड हाय?

नूरमहंमद: आहे. त्यामुळंच तुझा चेहरा घेतला. फादर म्हणाले होते, माणूस फसवणारा वाटला पाहिजे, पण त्याला आधी कुणीतरी फसवलंय असंही वाटलं पाहिजे.

हौशीराम: ह्ये भुवईत दिसतं?

नूरमहंमद: तुझ्या दिसतं.

सविता: अवो, ऐका. अतुल खिडकीशी आलावता, तुमच्याशी बोलला.

हौशीराम: माज्याशी?

सविता: राजाशी. म्हणतो, हौशीरामभाऊ, सात दिस तुमी आमचं डोकं खाल्लं, आन आता येक शब्द न्हाई. पापणी बी हलत न्हाई तुमची. बजरंग म्हणला, घुश्शात हाय, नको जवळ जाऊ. समदे मागं सरकले. एवडा मान तुमाला लगीन झाल्यापासनं कुणी दिला न्हवता.

हौशीराम: म्होरं काय म्हणला त्यो?

सविता: त्योच म्हणाला, तुमच्या डोळ्यातनं पाणी यायलंय.

नूरमहंमद: कुठून?

सविता: डोळ्यातनं. दोनी गालांवर ओघळ आलेत. अतुल जाळीला धरून म्हणाला, भाऊ, रडू नका. चिठ्ठ्या माज्याच हातात व्हत्या. तुमाला बोकड आणायला मीच धाडलावता. म्हणलं, ह्यो माणूस भोळा, ह्येला काय कळतंय.

नूरमहंमद: पुढच्या खिडकीतून दुपारचं ऊन येतं. या अल्ला, मी विसरलोच होतो.

सविता: थांबा की जरा. मंग म्हणाला, चार वर्सं मनाला खात व्हतं. ती वळ तुमी घ्या. माजं नाव न्हाई लिवलं तरी चालंल. आन असं म्हणून त्यो बी रडला. आता समदे पिंपळाखाली त्येला पाणी पाजत्यात. वर बघंना झालंय कुणी.

हौशीराम: अतुल रडला? माज्यासाठी?

सविता: मेणासाठी. पर रडला खरा.

नूरमहंमद: चला. दोघंही चला, मागचं दार उघडा. लवकर.

सविता: अगं आई. नाक कुटं गेलं ह्येचं?

नूरमहंमद: जाकिटाच्या खिशात. धरा, खांद्याला नको, कमरेला धरा. असं, दाराआड ठेवा. माझा एक महिना गेला, वहिनी. चार वाजता फादर येतील. काय सांगू त्यांना?

सविता: सांगा, गोष्टीत झालं तसंच झालं.

हौशीराम: मला जरा बघू द्या त्येच्याकडं.

सविता: नका बघू. सोताचं तसलं तोंड बघू ने माणसानं.

हौशीराम: सात दिस मी बोललो, भांडलो, अर्ज लिवलं. कुणी ऐकलं न्हाई. ह्यो तासभर गप बसला आन समदं मिळवून दिलं. सोता मातुर गेला.

नूरमहंमद: पुन्हा करीन मी. साचा आहे तुझा. फादरना आठ दिवस मागून घेतो.

सविता: या खेपेला गोष्ट संपवूनच प्लास्टर काडा.

नूरमहंमद: आलो, टेंपोतून पिवळा रंग आणि ब्रश घेतो. ते आत यायच्या आधी उरकून टाकू. हौशीराम, तू खुर्चीत बस आणि डोळे पूस, रडल्यासारखे.

हौशीराम: नाटक लागणार न्हाई. पाणी आपसूकच आलंय.

नूरमहंमद: ही ओळ. रंग चांगला लागतोय. तुझं नाव, मग पासून, मग पर्यंत. अक्षर ठसठशीत काढतो, बजरंगपेक्षा मोठं. सगळी ओळ भरून टाकतो.

हौशीराम: नूरभाऊ.

नूरमहंमद: काय?

हौशीराम: बारीक लिव. खाली अतुलचं मावलं पायजे.