टोणपेसरांचा डावा कान

मंडळी, ऐका. देवापुढे उभी आहे, हातात चिपळ्या आहेत. खोटं बोलले तर जीभ झडो! आज सांगते त्यातला शब्द न् शब्द खरा. आता प्रश्न घ्या — आपल्या हातून चूक झाली आणि लोकांनी त्याच चुकीला हार घातला, तर हार काढायचा की मान पुढे करायची? हसू नका, विचार करा.

तर कोल्हापुरात हेमंत टोणपे नावाचे समीक्षक. गाण्यांचे नवे अल्बम ऐकायचे आणि रविवारच्या पेपरात तारे वाटायचे. पॉप गाणाऱ्या पोरानं वर्षभर घाम गाळला — दीड तारा! कंप्युटरवर ढुमढुम करणाऱ्याला अडीच. तीन मिळाले की पोरं पेढे वाटायची.

इचलकरंजीच्या निकिता बुगडनं त्यांना रॅपचा अल्बम पाठवला. रॅप म्हणजे काय? आपण ओवी म्हणतो ना, तसंच, फक्त भांडायला निघाल्यासारखं. पोरीनं काय केलं, उजव्या कानात नुसता यंत्रमागाचा खडखडाट ठेवला आणि डाव्या कानात आपला आवाज. का? अहो, मागावरची माणसं तशीच बोलतात, दुसऱ्याच्या कानाला तोंड लावून. तिची आई मागावरच कामाला; तिनं पोरीला सगळं तसंच सांगितलेलं.

आणि सरांच्या हेडफोनचा डावा कान — बंद! सरांना पत्ताच नाही. चाळीस मिनिटं खडखडाट ऐकला आणि लिहिलं, ‘रॅपमधून शब्दच हद्दपार करणारं धाडस. पाच तारे.’

झालं. बाकीच्या समीक्षकांना शब्द चांगले ऐकू येत होते. पण पाच तारे बघून त्यांनी लिहिलं, ‘शब्द आहेत, परंतु ते न ऐकणं हीच खरी दाद.’

निकिताला मोठ्या महोत्सवाचं बोलावणं आलं. पडद्यामागे आयोजक म्हणाला, “ताई, बोलायचं मात्र नाही हं. तुमचं मौन गाजलंय.”

“मग मी करू काय?”

“उभ्या राहा. छान उभ्या राहा.”

पोरगी तडक पहिल्या रांगेत, पाहुणे म्हणून बसलेल्या सरांपुढे. “सर, आई आलीय. तिचंच बोलणं आहे सगळं. तुम्ही खरंच ऐकलंत का?”

सरांनी नजर चुकवली. कारण आदल्याच दिवशी लेकीनं नवा हेडफोन आणून दिलेला, आणि सरांनी हौसेनं तोच अल्बम लावलेला. डाव्या कानात पोरगी आईचंच बोलणं म्हणत होती, ‘जेवलीस का? बोटं सांभाळ.’ सर अर्धा तास जागचे हलले नव्हते.

आता? गळ्यात हार, शेजारी आमदार. सर उठले. माईक घेतला. “माझा हेडफोन बिघडला होता. या मुलीचा एक शब्द मी ऐकलेला नाही. तिला बोलू द्या.” आणि निकिता बोलली, मंडळी! मागच्या रांगेत तिच्या आईनं पदर तोंडाला लावला.

बरं वाटलं ना? सरांना हसलात. मघापासून तिकडच्या खांबावरचा कर्णा बंद पडलाय, आणि तिथल्याच माना सगळ्यांत जोरात डोलताहेत! बायांनो, ऐकू येत नसेल तर सांगावं. पुढे सरकावं. माझी कीर्तनकाराची भीड कशाला?

आणि जाता जाता एक कबुली देते. सर उठले, तेवढं मी पदरचं घातलं. उठायला हवे होते, म्हणून उठवले. खरे सर हार सावरत बसूनच राहिले, आणि निकिता चाळीस मिनिटं छान उभी राहिली.