तीन मेहुणे आणि बंद खिडकी

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या डॉक्टर रुदैना, आणि ससाण्यांवर पोटच्या पोरांइतकी माया करणाऱ्या माझ्या बंधूंनो,

मी बू ग़ानिम. बोलायला मलाच का उभं केलं? यात डॉक्टरांचा काहीतरी डाव आहे, मला शंका येतेय.

हसू नका. संशय हा माझा जुनाच स्वभाव. तीन हिवाळ्यांपूर्वी माझ्या ससाणीला, शिहानाला, धाप लागली. मैलभर झेपावणारं पाखरू, हातावर बसल्या बसल्या चोच वासून! आवाजही बसला. मी म्हटलं, विष घातलंय. तिला भरवायचा कोण? सुहैल. बारा वर्षं माझ्याकडे होता. तो आपला रोज म्हणे, "काका, खोलीला कुबट वास येतोय, खिडकी उघडूया." मी म्हणे, "का रे? कुणाला आत घ्यायचंय?" दृष्ट लागेल, चोर येतील, म्हणून ती खिडकी मी कधी उघडलीच नव्हती. त्या दिवशी त्याला हाकलला, आणि मजलिसीत गप्पांना जमलेल्या सगळ्यांना सांगितलं, हा विष घालतो. पुन्हा कुणी त्याच्या हातावर पाखरू बसवलं नाही.

डॉक्टरांनी श्वासनळीतला नमुना तपासला. म्हणाल्या, "विष नाही, फुप्फुसात बुरशी आहे. डीएनएच सांगतोय." आता डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीवर भरवसा कसा ठेवायचा? अंदाजानं काहीही ठोकत असतील! तीन नावांना तीन वेगळी उत्तरं आली, की पकडल्याच. मी दुसऱ्या दवाखान्यात शिहानाचेच तीन नमुने काढवले आणि तीन मेहुण्यांच्या नावांनी यांच्याकडे धाडले. फोन नंबर मात्र तिन्हींवर माझाच लिहिला. अक्कल बघा!

चौथ्या दिवशी फोन. "बू ग़ानिम, तुमच्या तिन्ही मेहुण्यांच्या पाखरांत शिहानाचीच बुरशी निघाली, तंतोतंत. सगळी एकाच खोलीत राहतात का हो? जरा ती खोली दाखवा."

आल्या. शिहानाच्या बैठकीखालची ओलसर चटई उचलली, धूळ घेतली. तीच बुरशी. माझी खोली, माझी चटई, माझी बंद खिडकी.

औषधानं शिहाना वाचली, आवाज तेवढा घोगरा राहिला. खिडकी मी उघडली, पण तोंड नाही उघडलं. मजलिसीत सुहैलचं नाव निघालं, की विषय बदलत राहिलो. लाज वाटत होती, दुसरं काय?

आणि आज बघतो तर पहिल्या रांगेत, बरोबर माझ्यासमोर, सुहैल! त्याला आमंत्रण कुणी दिलं, डॉक्टर? खाली बघू नका. म्हटलं ना, डाव आहे.

मंडळी, याने विष घातलं नव्हतं. तुम्ही सगळ्यांनी नीट ऐका.

डॉक्टर, तुमचे उपकार मोठे आहेत. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर बाकीच्यांनी पोटात घाला. सुहैल, तू एवढ्यात घालू नकोस. आधी मी खाली तुझ्याजवळ येतो, मग काय ते ठरव.